मशीनवरची खोळ

गावातल्या रंगमंचावर जेवढे राजे होऊन गेले, तेवढे सगळे मास्तरांनी मापात बसवले होते. पोट सुटलेल्या राजपुत्राला ते असा डगला शिवत, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांनाही तो सडपातळ वाटावा. पण मास्तरांचा खरा दिमाख मशीनखाली झोपलेला असे. ती त्यांची कुत्री, गुंडी.

पायडलच्या बाजूला शेपूट आवरून ती दिवसभर पडून राही. संध्याकाळी मास्तर मशीन पुसत, तेल देत आणि वर निळी खोळ घालत. मग गुंडी उठे, आळस देई आणि ताटलीकडे जाई. त्याआधी कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी ती अन्नाला तोंड लावत नसे. ‘बाई ड्यूटीवर आहेत,’ असं मास्तर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत.

मुलानं परदेशी बोलावलं. नात झाली होती, आजोबा हवे होते. पण जनावरांच्या डॉक्टरांनी गुंडीला तपासून स्पष्टच सांगितलं, की या वयात एवढा विमानप्रवास तिला झेपणार नाही. शेवटी मास्तरांनी दुकान आणि गुंडी, दोन्ही दुकानातच काजबटणं करणाऱ्या वहिनींच्या हवाली केलं आणि आठवडाभर मोठ्या बहिणीकडे राहून बघायचं ठरवलं. गुंडी रमली तर जायचं, नाही रमली तर तिकीट रद्द.

दोन दिवस गेले आणि वहिनींचा फोन आला. गुंडी पाणी तेवढं पीत होती, अन्नाला शिवत नव्हती. मास्तरांनी लगेच पिशवी भरली. आणि खोटं कशाला बोला, छातीही जराशी फुगली.

‘‘तू निमित्तच शोधत होतास, ते त्या कुत्रीनं दिलं बघ,’’ ताई म्हणाली. चपला चढवता चढवताच मुलाला काय सांगायचं ते मास्तरांनी मनात जुळवून टाकलं होतं.

दिवेलागणीला ते दुकानात शिरले. गुंडी मशीनखालीच होती. तिनं शेपटी हलवली, पण उठली नाही. ताटली भरलेली. मास्तरांची नजर वर गेली. मशीन उघडं होतं, सुईखाली अर्धवट बाही तशीच.

‘‘वहिनी, खोळ कुठाय?’’

वहिनी ओशाळल्या. ‘‘घातलीच नाही हो. ती घातली की वाटतं, तुम्ही कायमचे गेलात.’’

मास्तरांच्या सगळं लक्षात आलं. आता नुसतं गप्प बसलं असतं, तरी तिकीट आपोआप रद्द झालं असतं आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. त्यांनी खुंटीवरची खोळ काढली, झटकली आणि वहिनींच्या हातात दिली.

‘‘घाला. तुम्हीच घाला.’’

वहिनींनी खोळ घातली. गुंडी उठली, तिनं अंग ताणलं आणि मास्तरांकडे ढुंकूनही न बघता ताटली चाटूनपुसून लख्ख केली.

‘‘रुसली नव्हती ती,’’ मास्तर म्हणाले. डोळे भरले होते, पण मान ताठ. ‘‘उपाशी राहिली, पण काम संपल्याशिवाय जागा सोडली नाही. माझ्या हाताखाली तयार झालीय.’’

निघायच्या दिवशी ते दारात आले तेव्हा वहिनींचं पायडल जोरात चाललं होतं. गुंडीनं एक डोळा उघडला, शेपटी जमिनीवर आपटली. मास्तरांनी हाक मारली नाही. कामावर असलेल्याला कोण हाक मारतं?

टॅक्सीवाल्यानं वाटेत सहज विचारलं, मागे कुणी आहे का.

‘‘आहेत की,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दोघीजणी आहेत. दुकान चालवतात.’’