दीड इंच छाती

धोंडू भेटला की आमचा चहा हमखास थंड होतो. वलवणची तालीम सुटून किती वर्षं झाली, पण एक किस्सा काढला की त्याच्या पाठोपाठ चार निघतात. त्यातले बरेचसे माझ्या फजितीचे, म्हणून धोंडूला जास्त आठवतात!

वडील घाटातल्या इंजिनावर फायरमन होते. ते गेल्यावर मलाही तेच काम हवं होतं. चाळीस सालाच्या आधीची गोष्ट. रेल्वेच्या डॉक्टरांनी छातीला टेप लावला नि म्हणाले, "दीड इंच कमी. अनफिट! सहा महिन्यांनी एकदाच संधी मिळेल."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "दीड इंच म्हंजी किती रं?"

मी बोटांनी दाखवलं.

"एवढंच व्हय! मंग जा आबांच्या तालमीत."

* * *

आबा म्हणजे तालमीचे वस्ताद. सत्तरीचे, वाळक्या काटकीसारखे, पण मल्लखांब शिकवावा तर त्यांनीच. पहिल्या दिवशी मी उडी मारून खांबाला मिठी मारली नि सरळ घसरत खाली आलो. पुन्हा उडी, पुन्हा खाली. दहा वेळा!

आबा तंबाखू मळत म्हणाले, "का रं, खांब पुसाया आलायस का?"

* * *

धोंडू माझ्याच वयाचा, शेतकऱ्याचा पोर. खांबावर सरसर चढायचा. मला वाटलं, सगळी करामत खांबाला लावतात त्या एरंडेलाची! एका पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन मी अख्खी वाटी खांबावर ओतली.

धोंडूनं झेप घेतली आणि दाणकन मातीत बसला. आबांनी खांबाला बोट लावून पाहिलं.

"आरं, ह्यानं खांबाला जुलाब दिला!"

शिक्षा म्हणून आठ दिवस मी गोणपाटानं खांब घासला. दंड भरून आले, हातातून भाकरीचा घास पडायचा. नवव्या दिवशी उडी मारली आणि खांब सुटलाच नाही! पाच आकडे मोजून होईपर्यंत लटकलो होतो.

आबा म्हणाले, "खाली ये आता. वटवाघूळ हायेस का?"

* * *

दोन महिने मला खांबावरून समोरच्या भिंतीचा चुनाच दिसायचा. एका सकाळी भिंतीच्या वर वलवणच्या धरणाच्या पाण्याची बारीक रेघ दिसली. ते पाणी मी रोज बघत होतो, पण तेव्हा डोळेच भरून आले.

"आबा, पाणी दिसतंय!"

"मंग काय, पवायचंय? पाय वर घे!"

* * *

चौथ्या महिन्यात तळेगावचा एक जाडजूड कारकून तालमीत आला. दोन दिवसांत रडकुंडीला आला बिचारा. आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याच्याकडं बगा, रावसाहेब. ह्यो तर तुमच्यापरीसबी वाईट व्हता!"

आबांच्या तोंडून एवढी स्तुती धोंडूलाही कधी मिळाली नव्हती. मी घरापर्यंत पळत गेलो.

* * *

आता शेवटचा. हा धोंडू सांगत नाही, मीच सांगतो.

तालमीला लागलो त्या दिवशी आईनं माझ्या छातीभोवती सुती दोरा धरला, मापाला तोडला आणि खिळ्याला अडकवला. दर रविवारी मी तो गुंडाळून बघायचो. दर रविवारी थोडा कमी पडायचा. सहा महिन्यांत चांगला चार बोटं! तपासणीच्या दोन दिवस आधी मी तो मोठ्या तोऱ्यात तालमीत नेला.

आबांनी हसत हसत तो स्वतःच्या छातीभोवती धरला. त्यांच्या काटकुळ्या छातीलाही तो पुरेना!

माझ्या अंगाच्या तेलानं दोरा काळा पडला होता. फक्त एक टोक ताजं कापल्यासारखं पांढरंशुभ्र होतं. आमच्या घरात कात्री एकच, आणि ती आईच्या डब्यात. मग सहा महिन्यांत माझी छाती वाढली तरी किती?

आबांनी दोऱ्याची गुंडाळी करून माझ्या मुठीत कोंबली. "व्हता तितं अडकव. आन् गप ऱ्हा."

सोमवारी डॉक्टरांनी टेप लावला. पुन्हा लावला. मी श्वास धरून उभा.

"फिट!"

धावतच घर गाठलं. आई तांदूळ निवडत होती. सांगितलं, तर तिनं सुपातून मान वर केली नाही.

म्हणाली, "मंग! दोरा काय खोटं बोलतोय व्हय?"