लोणी म्हणजे काढा

उस्तादांचा आवाज असा, की बेकरीत भट्टीपाशी ते एकदा कडाडले की रस्त्यापलीकडच्या शिंप्याचं मशीन थांबायचं. शिंपी मान वर करून म्हणायचा, "आज मीठ कमी पडलेलं दिसतंय." अडतीस वर्षं त्यांनी त्या आवाजावर बेकरी चालवली. "अरे, पीठ मळतोयस की त्याला अंगाई गातोयस?" हे त्यांचं सगळ्यात मवाळ वाक्य. कारागीर टरकून असायचे, पण पाव असा उतरायचा की बोटानं दाबला तर उशीसारखा पुन्हा वर यायचा.

आणि एका सकाळी, दात घासता घासता, तो आवाजच गेला. झटका आला. डॉक्टरांनी जीव वाचवला. पण उजवा हात लुळा पडला, आणि डोकं ते तोंड हा रस्ता मधेच कुठंतरी खचला. आत शब्द तयार असायचे, बाहेर मात्र एकच पडायचा: "बरोबर."

"पाणी देऊ का?" काकू विचारायच्या. काकू म्हणजे उस्तादांची बायको. सगळी बेकरी त्यांना काकूच म्हणते.

"बरोबर."

"की दूध देऊ?"

"बरोबर."

"अहो, मग नक्की काय देऊ?"

"बरोबर, बरोबर, बरोबर!" आणि डावा हात उशीवर आपटायचे. लिहायला पाटी दिली, तर अक्षरांनीही पोबारा केलेला. भेटायला आलेली मंडळी विचारायची, "आता बरं वाटतंय ना उस्ताद?" "बरोबर." मंडळी खूश होऊन घरी जायची, आणि उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आता सूनबाईचं ऐका. सूनबाई एका कुरिअर कंपनीच्या तक्रारी घरात बसून घ्यायची. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची बोलणी खायची, आणि जरा फट मिळाली की मैत्रिणींना मेसेज. त्यात अक्षर एक नाही, नुसती खायची-प्यायची चित्रं! उस्तादांची आरामखुर्ची तिच्या टेबलाशेजारीच होती. ते तिरक्या नजरेनं बघत बसायचे. तिनं एकदा ते पकडलं.

"बाबा, चोरून वाचताय होय?" ती हसली आणि फोन त्यांच्यापुढं धरला. "हे बघा. दोन मिरच्या, म्हणजे आमचा साहेब तापलाय. लिंबू, म्हणजे माझं तोंड आंबट झालंय. पॉपकॉर्न, म्हणजे भांडण दुसऱ्यांचं लागलंय आणि मी मजा बघतेय. आणि कॉफीशेजारी बिस्किट, म्हणजे आम्ही दोघी. एकीवाचून दुसरीला चव नाही."

उस्तादांनी डावा हात पुढं केला. फोन मांडीवर ठेवला. चित्रांच्या रांगा सरकवत सरकवत त्यांनी दोन निवडली. पाव. लिंबू. आणि बोटानं दाराकडं, बेकरीच्या दिशेनं दाखवलं.

सूनबाई गोंधळली. "लिंबू-पाव खायचाय का?"

काकू हात पुसत आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "खायचा कुठला! बेकरीतला पाव आंबतोय म्हणतायत. कालच्याला मलाही वास आला होता. पीठ जास्त वेळ फुगत ठेवतायत ते शहाणे."

"बरोबर!" उस्ताद ओरडले. दोन महिन्यांत तो शब्द पहिल्यांदा आपल्या जागेवर जाऊन बसला होता. काकूंनी पदर डोळ्याला लावला, सूनबाईनं तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला तसंच ताटकळत ठेवलं.

तिथून पुढं उस्ताद सुटलेच. अंडं आणि घड्याळ, म्हणजे नाश्त्याला उशीर झाला. दूध आणि चंद्र, म्हणजे आता झोपू द्या. वांग्याची भाजी आणि वर एखादं गोड फळ हवं म्हणून त्यांनी एकदा वांगं आणि शेजारी पीच पाठवलं, तेही घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर. सूनबाई लालबुंद झाली. "बाबा, ही दोन एकत्र नका पाठवू." उस्तादांनी भुवया उंचावल्या. "का ते मला नाही सांगता येणार. तुमच्या मुलाला विचारा." मुलाला विचारलं तर त्याला खोकल्याची उबळ आली. तेव्हापासून त्या घरात वांग्याचं चित्र बंद झालं, भाजी मात्र चालू राहिली.

बेकरीचीही भाषा ठरली. बर्फ म्हणजे गार पाण्यात मळा. मीठदाणी म्हणजे मीठ वाढवा. आग आणि पाणी म्हणजे पाण्याचा हबका मारून भट्टीत सारा. आणि लोणी म्हणजे काढा, कारण पाव भट्टीबाहेर आला की त्यावर पहिला ब्रश लोण्याचाच फिरतो. सूनबाईनं आपला जुना टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या पोत्यांवरच्या खिळ्याला टांगला, त्यावर बेकरीचा ग्रुप काढला आणि कारागिरांना सगळं शिकवलं. सगळ्यात जुना कारागीर लांब्या म्हणाला, "बरंय की. आधी ओरडा कानात बसायचा, आता डोळ्यात बसेल."

पण बेकरी दोघा भावांची. थोरले दादा पुढं गल्ल्यावर बसायचे, उस्ताद मागं भट्टीवर. दादा एके दिवशी घरी आले, खुर्ची ओढून बसले, चहाला नको म्हणाले. तेव्हाच काकू चहाचा गॅस बंद करून बाहेर येऊन बसल्या.

"हे बघ," दादा भावाला म्हणाले, "मी भट्टी विझवायचं म्हणतोय. तयार पाव आणू, विकू. लांब्या चांगला आहे, पण त्याला सांगणारा लागतो. आणि तू असा."

"भाऊजी, ते सांगतात की!" काकू म्हणाल्या.

"चित्रं काढून? वहिनी, बेकरी आहे, बालवाडी नाही."

उस्तादांनी फोन घेतला आणि दादांना तीन चित्रं पाठवली. आग. पाव. आणि पांढरी टोपी घातलेला आचारी. दादांनी चष्मा सारखा करून बघितलं. त्यांना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"बरं," ते उठता उठता म्हणाले. "शनिवारी शाळेच्या क्रीडास्पर्धा आहेत, सहाशे पाव द्यायचेत. ये. स्टुलावर बस. कशाला हात लावायचा नाही, सांगून करून घ्यायचं. जमलं तर भट्टी राहील. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नाही."

शनिवारी पहाटे पाचला उस्ताद धुतलेला ॲप्रन बांधून स्टुलावर बसले. सूनबाईनं सुट्टी टाकली होती. आदल्या दिवसापासून उकाडा भयंकर. उस्तादांनी मळलेल्या पिठावर डाव्या हाताची दोन बोटं टेकवली, तर लांब्या म्हणाला, "उस्ताद, हात नाही लावायचा ठरलंय." उस्तादांनी त्याच्याकडं असं बघितलं, की शिंप्याचं मशीन बंद असूनही थांबलं असतं. मग टॅब टिंग वाजला: बर्फ, बर्फ, बर्फ. पुढचं सगळं पीठ बर्फाच्या पाण्यात मळलं.

काम लागलं. टिंग वाजायचं, पाच माना वर व्हायच्या, पाच खाली. मीठदाणी. घड्याळ. आग. लोणी. पहिले दोनशे उतरले. दुसरे दोनशे उतरले. आत बोलण्याचा आवाज नव्हता, फक्त ट्रेचा खडखडाट.

पुढं गल्ल्यावर शाळेचे खेळाचे मास्तर येऊन बसले होते. दादांच्या फोनवरही बेकरीचा तोच ग्रुप होता. सूनबाईनं मुद्दाम त्यांना त्यात घातलं होतं. दादा मास्तरांना फोन दाखवत होते. "हे माझ्या भावाचं. बोलता येत नाही त्याला. पण बघा, बर्फ म्हणाला आणि पीठ वाचलं. आमच्या खानदानात असा कारागीर झाला नाही." भावाच्या तोंडावर हे ते जन्मात बोलले नसते. पण मास्तर "वा, वा" म्हणाले आणि दादांची छाती फुगली. इतकी फुगली, की तेही चित्रं शोधू लागले. काम कसं, तर लोण्यासारखं! त्यांनी एक केक, एक लोणी आणि टाळ्या पाठवून दिल्या.

आत टिंग वाजलं. शेवटचे दोनशे भट्टीत जाऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. लांब्यानं वर बघितलं. केकचं त्याला कळेना, टाळ्यांचंही कळेना, पण लोणी? लोणी म्हणजे काढा. त्यानं लांब दांड्याची फळी आत घातली आणि ट्रे भराभरा बाहेर ओढले.

उस्तादांच्या नाकाला कच्च्या पिठाचा वास आला. ते ताडकन उभे राहिले, तोंड उघडलं. काय बाहेर पडणार ते त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी तोंड मिटलं. स्टुलाला टेकले, फोन पोटाशी धरला आणि डाव्या अंगठ्यानं पाठवलं: आग. पाणी. आग.

"अरे, हबका मारा! परत आत!" लांब्या ओरडला. पावांवर पाणी शिंपडलं, ट्रे पुन्हा आत गेले. उस्ताद भट्टीच्या तोंडाकडं एकटक बघत राहिले. एक मिनिट. चार. सात. सूनबाईनं नखं खाऊन संपवली. मग लोणी आलं, आणि ते उस्तादांचं होतं.

पाव बाहेर आले. वरून जरा जास्त तांबूस, पण लांब्यानं एक फोडला तर आत कापूस. त्यानं अर्धा तुकडा उस्तादांच्या तोंडात घातला. उस्तादांनी डोळे मिटून चावला आणि मान हलवली.

एवढ्यात दादा लगबगीनं आत आले. "काय झालं? ओरडतोय कोण?"

"काका," सूनबाई म्हणाली, "तुम्ही लोणी पाठवलंत. इथं लोणी म्हणजे काढा. दोनशे पाव कच्चे निघाले होते."

दादांनी फोनकडं बघितलं, ट्रेंकडं बघितलं. "म्हणजे माझं चित्र बघून यांनी भट्टी रिकामी केली?"

"आणि बाबांचं बघून परत भरली."

दादा मटकन पिठाच्या पोत्यावर बसले. "बालवाडी म्हणालो होतो मी," ते पुटपुटले. मग भावाकडं वळून म्हणाले, "उद्या पाचला ये. रोज ये. भट्टी विझवायचं माझ्या तोंडून पुन्हा निघालं, तर मलाच आत सार." आणि थोडं थांबून, "पण मला एक शिकव. लोणी म्हणजे काढा, ठीक. मग शाब्बास कसं म्हणायचं?"

सूनबाईनं चित्रांचे अर्थ लिहून ठेवलेली वही चाळली. तसं चित्र ठरलंच नव्हतं.

"कसं असणार?" लांब्या ट्रे पुसत म्हणाला. "तीस वर्षांत शाब्बास कधी ऐकलंय का इथं कुणी?"

उस्तादांनी मान खाली घातली. मग चित्रांच्या रांगा सरकवू लागले. पुढं गेले, मागं आले. सहाशे पावांपेक्षा त्यांना यालाच जास्त वेळ लागला.

टिंग.

पाच माना वर झाल्या. टॅबवर पाव होता, आणि त्याच्याशेजारी मधाची बरणी. कुणी काही विचारलं नाही. दादांनी स्वतःच्या फोनवर ती दोन चित्रं पुन्हा पुन्हा बघितली आणि मास्तरांना दाखवायला बाहेर धावले.

लांब्या कमरेवर हात ठेवून टॅबपुढं उभा होता. "एवढं बोलायला तीस वर्षं लावलीत होय उस्ताद?" तो म्हणाला.

उस्तादांनी पुन्हा पाठवलं. पाव, मध. एकेका कारागिराकडं बोट दाखवत, एकेकदा.