गाडी सोडायची नाही

आमचं घर कळमन्याला. ज्या गोदामासमोर माझ्या नवऱ्याचा ट्रक उभा राहायचा, ते घरापासून इतकं जवळ की ऑटोवाला यायला कुरकुर करायचा. तरीही गाडी नागपुरात आली तर हा माणूस घरी येत नसे. मीच डबा घेऊन जायची आणि तो केबिनमध्ये बसून जेवायचा.

त्यामागे हॉल्टिंगची भानगड होती. माल उतरवायला ट्रकची रांग लागते. रांगेत दिवसचे दिवस थांबावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे मिळतात, त्याला हॉल्टिंग म्हणतात. मिळतात म्हणजे मिळायला हवेत. ट्रकचा मालक शेठ म्हणायचा, पार्टीने, म्हणजे गोदामवाल्यांनी, दिले तर तुला देईन. पार्टी म्हणायची, गाडी गेटच्या आत आली तेव्हापासून मोजू. आणि गाडी आत घेणं पार्टीच्याच हातात! चित भी मेरी, पट भी मेरी. ड्रायव्हरांनी बरीच भांडणं केली तेव्हा गोदामवाले रांगेत लागल्यापासून मोजायला कबूल झाले, पण एक पाचर मारून ठेवली. ड्रायव्हर गाडीवर हजर पाहिजे. सुपरवायझर मोबाइल घेऊन रांगेतून फिरायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरचा गाडीसकट फोटो काढायचा. एका फेरीत ड्रायव्हर दिसला नाही की सगळं हॉल्टिंग गेलं.

एकदा हा अंघोळीला घरी आला होता. अंगावर दोन तांबे पडले असतील नसतील, तेवढ्यात तिकडे फेरी होऊन गेली. हॉल्टिंग तर बुडालंच, वर गाडी बेवारस सोडली म्हणून शेठने पगारही कापला. तेव्हापासून त्याने खूणगाठ बांधली, काहीही होवो, गाडी सोडायची नाही.

त्या मे महिन्यात मी असाच डबा घेऊन गेले. केबिन तव्यासारखं तापलेलं. तो घामाने निथळत होता, पण नागपूरच्या मे महिन्यात कोण निथळत नाही? मी डबा उघडला. वांग्याची भाजी होती. वांगं बघून बोलला नाही असा त्याचा एक दिवस गेला नव्हता. "तुह्या माहेरी वांग्याची वाडी हाय का?" हे तर ठरलेलंच. त्या दिवशी त्याने डबा नुसता बाजूला सारला.

"काय होऊन राहिलं जी तुम्हाले?"

"काही नाही वं. गॅस झाला." एक हात छातीवर होता आणि दुसरा त्याला उचलता येत नव्हता.

"चला, दवाखान्यात चला."

"फेरी होऊ दे. फोटो झाला का जातो."

माझं डोकं फिरलं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज ऐकून मागच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. पंजाबकडचा, वयस्कर माणूस. त्याने एकदा माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाभीजी, ये गैस नहीं है." त्याने बगलेत हात घालून उतरवायला बघितलं, तर ह्याने छातीवरचा हात काढून स्टिअरिंग घट्ट धरलेलं. सुटता सुटेना.

"गाडी सोडली का हॉल्टिंग गेलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू बस गाडीवर. तू बसत असशील तर जातो."

कुठल्याही बायकोची जागा अशा वेळी नवऱ्याजवळ असते. पण ह्याच्या हट्टाशी वाद घालत बसले असते तर तो तिथेच गेला असता. मी बसले. पंजाबी भाऊने आपली चावी मागच्या ट्रकवाल्याकडे फेकली आणि ह्याला ऑटोत घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. त्याचंही हॉल्टिंग बुडणार होतं, त्याने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. आरशात ऑटो लहान लहान होत गेली.

थोड्या वेळाने सुपरवायझर आला. तोंडाला रुमाल बांधलेला, कोवळाच होता.

"ड्रायव्हर कुठी गेला?"

"दवाखान्यात. छातीत दुखून राहिलं होतं."

"मग गैरहजर लागंल."

"मी आहो ना हजर. काढ फोटो."

"बाई, लायसन आहे का तुमच्यापाशी?"

"उभ्या गाडीले कायचं लायसन लागते रे?"

त्याने फोटो काढला. बहुधा मला टाळायलाच. रांग दुपारभर हलली नाही. स्टिअरिंग इतकं तापलं होतं की पदर गुंडाळून मी ते धरून बसले, का धरलं होतं देव जाणे. त्या ट्रकचा मला जितका राग आला तितका आजवर कशाचाच आला नाही. उन्हं उतरताना पंजाबी भाऊचा फोन आला. "भाभीजी, बच गए." मी तिथेच हंबरडा फोडला.

डॉक्टरांनी पुढे ट्रक चालवायला बंदी केली. जरा चालता फिरता झाल्यावर ह्याने हॉल्टिंगचा विषय काढला. मी म्हणाले, "जाऊ द्या जी, जीव वाचला ना." तर म्हणाला, "भीक नाही मागून राहिलो." मग मीही बरोबर गेले, सदरमधल्या शेठच्या ऑफिसात. जिन्यावर तो दोनदा थांबला.

शेठ तसा वाईट नव्हता. तब्येत विचारली, चहा मागवला, पंखा वाढवला. मग मोबाइल आमच्याकडे फिरवला. त्यात मी होते, घामाघूम, पदरात स्टिअरिंग धरलेली.

"तू कुठे आहेस यात? पार्टी म्हणते, ड्रायव्हर गैरहजर."

"माणूस तं हजर होता ना गाडीवर?"

शेठ हसला. "अरे, ती काय ड्रायव्हर आहे का?"

ह्याला एका दमात बोलवत नव्हतं. थांबत थांबत म्हणाला, "नाही, शेठ. पण हॉल्टिंग चालवायचं नाही भेटत, थांबायचं भेटते. अन् थांबायचं काम माह्याहून जास्त इनंच केलं. लगन झालं तवापासून. इले कोणीच हॉल्टिंग देल्लं नाही. मीबी नाही."

शेठ चहा ढवळत राहिला. मग त्याने हात जोडले. पार्टीच देत नाही तर तो कुठून देणार?

आम्ही खाली आलो. दम लागला म्हणून तो शेवटच्या पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. सणावारी, पोरांच्या तापात, माझ्या बाळंतपणात मी ह्याची वाट पाहिली होती आणि हे ह्याला कळलेलंच नाही, असं मी संसारभर धरून चालले होते. भर सदरमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत मला रडू फुटलं.

"पैसे नाही भेटले म्हणून रडून राहिली का वं?" त्याने विचारलं.

मी "हो" म्हणाले.