एक मूठ जास्तीची

यंदा कानबाई बसायच्या आदल्या दिवशी मी सासरच्यांशी आणि देवीशी एकदमच बोलणं टाकलं. मी तशी तोंडाची फटकळ, पण इतकी वर्षं कानबाईच्या बाबतीत माझ्याकडून वावगा शब्द गेला नव्हता. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई घरोघर बसते, आणि तिच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने घेतात. एकेकाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ते दळून प्रत्येक नावाचा एक रोट करायचा, देवीला दाखवायचा आणि घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा; बायका आपापल्या नवऱ्याच्या, मुलांच्या मुठीतलं खातात. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. मेहरूणला आमच्या घरी सासूबाई मूठ टाकतात आणि थोरले दीर नावं सांगतात. शनिवारी दिरांनी स्वतःचं नाव सांगितलं, मग त्यांच्या दोन्ही मुलांची, आणि सूप बाजूला सारलं. ह्यांचं नाव आलंच नाही. हे जाऊन वर्ष होत आलं होतं. गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण कानांनी ऐकलं आणि डोकं फिरलं. आम्हाला एकच मुलगी, ती पुण्याला शिकते. म्हणजे त्या सुपात आमचा संसार संपला होता. मी विचारलं, मग उद्या मी कोणाच्या मुठीतलं खायचं? दीर म्हणाले, रीत आहे, तुम्हाला कोणी उपाशी ठेवतंय का. सासूबाई खाली मान घालून गहू निवडत राहिल्या. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

रविवारी उजाडताच मी ह्यांची सॅक खाली काढली, दोन साड्या, दोन ड्रेस कोंबले आणि घर सोडलं. आम्हा दोघांना जुन्या जागांचं वेड होतं. सुटी मिळाली की सॅक पाठीला लावायची आणि एस.टी.ने कुठल्या तरी पडक्या गावी जायचं. लोक हसायचे, म्हणायचे, हे नवरा-बायको दगडं बघायला तिकीट काढतात. थाळनेर तेवढं राहून गेलं होतं. तापीकाठची केवढी जुनी नगरी, एकेकाळची राजधानी, आणि आमच्यापासून चोपड्याच्या पलीकडे, पण राहिलं ते राहिलंच. तिथे एक दिवस काढायचा, मग थेट पुण्याला लेकीकडे जायचं आणि मेहरूणच्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं मी ठरवूनच निघाले होते. देवीलाही मनात म्हटलं, बाई, तू तुझ्या पुरुषांकडे बघ, मी माझं बघते.

थाळनेरला किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली मला दोघं जण भेटली. एक फैजपूरचे नाना, केळीचे बागायतदार, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून खानदेशातले सगळे किल्ले पायाखाली घालायला निघालेले. पाठीवर शाळेच्या पोरासारखं दप्तर आणि त्यात निम्मे केळीचे वेफर्स. दुसरी दीपनगरची मुलगी, वीजकेंद्रात इंजिनियर. बौद्ध घरातली, आजोबांबरोबर लेणी बघत लहानाची मोठी झालेली, आणि आता एकटीच मोटारसायकल घेऊन जुनी गावं फिरते. सॅकवाल्याला सॅकवाला लगेच ओळखतो. आम्ही तिघं मिळून तट बघितला, राजांच्या कबरींवरचं नक्षीकाम बघितलं, तापीचं गढूळ भरलेलं पात्र बघत बसलो. नानांनी मला विचारलं, आज तर घरोघर कानबाई, तुम्ही इकडे कशा? मी म्हटलं, आमच्याकडे नसते. आयुष्यात पहिल्यांदा देवीच्या बाबतीत खोटं बोलले. जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

दुपारी श्रावणाची सर आली आणि आम्ही किल्ल्याखालच्या एका घराच्या ओट्यावर चढलो. आत कानबाई मांडलेली दिसत होती, नथ घातलेला नारळ, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि घरभर तुपाचा वास. नानांनी लगेच हाताने खूण केली, हे रोटांचं घर आहे, उंबऱ्याच्या आत जायचं नाही. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. आत काहीतरी बिनसलं होतं. घरातला मुलगा आईवर वैतागला होता. घरात पुरुष चार आणि रोट निघाले पाच. पाचवा कोणाच्या नावाचा? बिननावाचा रोट घरातलं कोणी खायला तयार नव्हतं, आणि बाहेर द्यायचा तर प्रश्नच नव्हता. म्हातारी मात्र ठाम होती. ती म्हणत होती, "मना हात चुकना नई. मी नाव लिसन मूठ टाकी." कोणाचं नाव, ते तिला आठवत नव्हतं.

मी सॅक उतरवून ओट्यावर बसले. काल माझ्या डोळ्यांदेखत जी मूठ टाकली गेली नाही, ती इथे, कुठल्या कोण परक्या घरी, कोणी टाकली? मला रडू आवरेना. त्या मुलीने मला धरलं, पाणी पाजलं. आवाज ऐकून म्हातारी बाहेर आली. तिला सगळे अक्का म्हणत होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "कसाले रडस माय? तुना घर कानबाई बठस का?"

मग मात्र मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. ह्यांचं जाणं, सूप, दिरांचं बोलणं, सासूबाईंची खाली घातलेली मान. नाना ऐकत होते आणि डोळे पुसत होते. मला वाटलं, अक्का आता तो रोट माझ्या हातावर ठेवेल. मी हातही पुढे केला असेन, आठवत नाही. तिने मान हलवली. म्हणाली, "हाऊ रोट मी तुले देऊ शकस नई, माय. तू मना भाऊबंदमां नई. तुना रोट तुना घर व्हई. फोन लाव." तिने ह्यांचं नाव विचारून घेतलं, आत गेली, तो पाचवा रोट ह्यांच्या नावाने देवीपुढे ठेवला आणि मुलाला बजावलं की सोमवारी विसर्जनाला कानबाईबरोबर हा तापीत जाईल, देवीबरोबर गेला म्हणजे टाकला नाही.

मला फोन लावायचा नव्हता. अभिमान आडवा येत होता. शेवटी त्या मुलीनेच माझ्याकडून नंबर घेऊन लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. सासूबाईंनी उचलला. कुठे आहेस, का गेलीस, काही विचारलं नाही. दबक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "एक रोट जास्तीचा झालाय. तुझ्याशिवाय कोणी खाऊ शकत नाही. येतेस ना?"

नाना मला हलवून विचारत होते, काय झालं, घरी बरं आहे ना? मला सांगता येईना. दोन गावं, दोन म्हाताऱ्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, आणि दोघींच्या सुपात एकेक मूठ जास्तीची. याचा अर्थ लावायला मी आजही बसत नाही. त्या मुलीने मला मोटारसायकलवर बसवून भर सरीत चोपड्याला आणलं, एस.टी.त बसवलं आणि माझी ओली सॅक वर फळीवर ठेवूनच खाली उतरली. वाटेत ती एवढंच म्हणाली की काकू, मला देवाचं फारसं कळत नाही, पण पोचल्यावर मला सांगा. रात्री मी तिला फोन करून सगळं सांगितलं.

गाडीत मला वाटत होतं की सासूबाईंनी लपून ह्यांच्या नावाची मूठ टाकली असणार. आईचं काळीज, तिला लेकाचं नाव सोडवलं नसणार. मी दिवेलागणीला घरी पोचले. दीर, जाऊबाई, मुलं, सगळी देवीपुढे बसलेली. मी सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हटलं, आई, तुम्ही ह्यांची मूठ टाकलीत, मला खूप बरं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "त्याची नाही टाकली. तो गेला, त्याची मूठ संपली. ती तुझ्या नावाची आहे."

दीर चमकून म्हणाले, "आई, बाईच्या नावाची मूठ कोणी टाकतं का?"

"मी टाकली," त्या म्हणाल्या. "गिरणीत जायच्या आधी, देवीला विचारून."

जाऊबाई रडायला लागल्या आणि थांबेचनात. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा एका बाईचं नाव घेऊन गहू सुपात पडले होते, आणि तेही मी घर सोडून जायच्या तयारीत असताना. मी देवीला म्हटलं होतं, तू तुझ्या पुरुषांकडे बघ. त्याच वेळी माझ्यासाठी इथे रोट भाजला जात होता, आणि तिथे अनोळखी गावात मला परत फिरवायला अक्का वाट अडवून बसली होती. आता मी देवीशी भांडत नाही असं नाही. जिभेची सवय कुठे जाते? पण पाठ फिरवून निघून जाण्याचा विचार मात्र मनातून गेला. आपलं काय होणार, हे तिच्यावर सोडलं की श्वास सोपा होतो, एवढं मला कळलं. अक्काचे, नानांचे, त्या मुलीचे उपकार फेडायचे कसे, ते कळलेलं नाही.

रोट चांगला जाड होता, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती. सासूबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. निम्मा त्यांना देऊ लागले तर हात मागे घेतला, म्हणाल्या, नावाचा आहे, पूर्ण खा. मी शेवटचा तुकडा संपवेपर्यंत त्या जागच्या उठल्या नाहीत.