बाबांचे पाच तारे

आमच्या खानदानात नाचाचा गंध कोणालाच नाही. लग्नाच्या वरातीत बँड सुरू झाला की आमच्या घरची माणसं पाण्याचे ग्लास वाटायला लागतात, म्हणजे हात कामात राहतात आणि कोणी मधे ओढून नेत नाही. म्हणून बाबांच्या गुडघ्यावर नाचाचा इलाज निघाला, तेव्हा आधी मला हसूच आलं. मग म्हटलं, करा बाप्पा काही बी करा, पण नुसते बसून राहू नका.

मला बसलेली माणसं सहन होत नाहीत. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई होती तोवर म्हणायची. आणि बाबा थंडीत गिट्टीवरून स्कूटर घसरून पडले होते. गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं, निघालं, पण गुडघा जाम झाला तो झालाच. व्यायाम शिकवायला घरी माणूस येत होता. त्यानं पाय वाकवला की बाबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन महिने हातात आहेत. खुर्ची धरून उभं राहायचं, हलायचं, रोज थोडा थोडा पाय वाकवायचा. नाहीतर गुडघा आहे तिथंच राहील.

दुसऱ्या कोणाचा गुडघा असता तर म्हटलं असतं, ठीक आहे, बसतील खुर्चीवर. पण आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात कित्येक वर्षं रविवारची वंदना बाबाच घेत आले. पुढं सतरंजीवर मांडी घालून बसायचे, त्यांनी म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी. पडल्यापासून ते विहाराची पायरी चढले नव्हते. लोक बोलवायला येत, खुर्ची ठेवतो म्हणत. बाबांचं एकच, मांडी जमली की येईन. बुद्धपौर्णिमेपर्यंत जमवतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आई गेल्यावर या माणसाला धरून ठेवलं ते त्या सतरंजीनं, हे मला ठाऊक होतं.

नाचाचा खेळ काढला माझ्या भावाच्या पोरीनं. दहा वर्षांची आहे, पण घरातले सगळे रिमोट तिच्या ताब्यात. टीव्हीवर एक रंगीत बाहुली नाचते. आपण तिच्यासमोर फोन उजव्या हातात धरून तसंच नाचायचं आणि गाणं संपलं की टीव्ही तारे देतो. पाच तारे म्हणजे पैकीच्या पैकी. त्या रविवारी मी अमरावतीलाच होते. वहिनीनं आधी उठून खिडक्यांचे पडदे ओढले, कारण समोरच्या काकूंचं आमच्या घरात फार लक्ष. कूलर फुल केला. मग भाऊ नाचला, वहिनी नाचली, मी नाचले आणि तिघांचे मिळून चार तारे आले. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते. हसता हसता त्यांनी दुखरा पाय दोनदा उचलला, दोनदा वाकवला. तोंड वाकडं झालं, पण शिव्या दिल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी तिथंच फर्मान काढलं: रोज संध्याकाळी सात वाजता अकोल्यात मी आणि अमरावतीत बाबा एक गाणं नाचणार आणि फोनवर तारे सांगणार. मलाही डॉक्टरनं साखर काठावर आहे म्हणून चालायला सांगितलंच होतं.

आता बाबांबद्दल एक सांगते. जन्मभर त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकी केली. कोणतंही यंत्र समोर आलं की ते आधी बघतात की हे कशावर चालतं.

पहिल्या आठवड्यात त्यांना एक तारा, दोन तारे. दुसऱ्यात तीन. मग चार, आणि महिना व्हायच्या आत रोज पाच. मी शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये रोज सकाळी माझी टिमकी सुरू व्हायची की आमचे बाबा बहात्तराव्या वर्षी असे नाचतात, तसे नाचतात. आधी दर शनिवारी अमरावतीची बस धरायचे, ती पंधरा दिवसांवर गेली, मग तीही राहिली. पाच तारे येऊन राहिले होते नं! वर पेपर तपासायचे होते, ऊन मी म्हणत होतं, नवऱ्याची तब्येत बरी नव्हती. कारणांना काय तोटा.

मग एके संध्याकाळी शाळेतून आले ती सोफ्यावर पडलेच. सात वाजले. उठायचं जिवावर आलं. टीव्ही लावला, फोन हातात धरला आणि पडल्या पडल्या नुसता उजवा हात बाहुलीसारखा फिरवला. गाणं संपलं. तारे आले साडेचार.

मी ताडकन उठून बसले. टीव्हीला माझे पाय दिसतच नव्हते. त्याला फक्त फोन कळत होता, म्हणजे हात. चोराची पावलं चोर जाणे. मला त्या क्षणी अमरावतीचा हॉल डोळ्यांसमोर दिसला. साडेसातला बाबांचा फोन आला. पाच, म्हणाले. मी साडेचार म्हटलं आणि शाबास म्हटलं.

त्यानंतर मला चैन पडेना. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातात तसाच राहायचा. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत, नुसत्या फेऱ्या. नवरा म्हणाला, काहून अशी करून राहिली, एक जागी बस. बसवत नव्हतं. एकदा मी व्हिडिओ कॉल केला. बाबांचा चेहरा दिसला, मागं भिंत. बाबा, फोन जरा खाली करा, पाय दाखवा, एवढंच म्हणायचं होतं. मी जेवलात का विचारलं. पाय पाहिला असता तर त्याच शनिवारी निघावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं. असे नऊ दिवस गेले. दुसऱ्याच्या पोरांना छडी दाखवणारी मी, पण स्वतःला विचारायची हिंमत नव्हती.

दहाव्या दिवशी न सांगता निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तशी मी खाली उतरले, चढले, परत उतरले. कंडक्टर म्हणाला, मॅडम, यायचं आहे की नाही? सात वाजून पाच मिनिटांनी दारात पोचले. भाऊ-वहिनी दुकानातून नऊशिवाय येत नाहीत. पडदे ओढलेले, कूलर चालू, गाणं सुरू. मी चप्पल न काढता आत गेले.

बाबा खुर्चीत बसले होते. पाय सरळ पुढं स्टुलावर, त्यावर चादर. उजवा हात मात्र असा सफाईनं फिरत होता की बाहुलीनं शिकावं. भाची शेजारी टाळ्या वाजवत होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आत्याले सांगू नको असं आजोबानं सांगितलं होतं, हे तिनं मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. तेवढ्यात टीव्हीवर पाच तारे आले.

मी बोलले. जे तोंडात आलं ते बोलले. आम्ही तिकडं कौतुक करून राहिलो आणि तुम्ही बसून हात हलवता, पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले, गुडघा कोणाचा आहे, माझा का? बाबांनी फोन बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले,

"दुखते वं बाई. पहिल्या हप्त्यात मी उभ्यानं केलं तर एक-दोन तारे आले. बसून केलं तर तीन आले. तू फोनवर इतकी खुश झाली, मले वाटलं, आता काय सांगावं हिले."

मी खाली बसले. मला रडू आलं, पण रागाचं नाही. त्यांना वाटलं रागाचं.

त्या रात्री जेवताना बाबांनी भाऊ-वहिनीला सगळं स्वतःहून सांगितलं. खोटं बोललो, म्हणाले. आपल्या बापाला असं मान खाली घालून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ मला म्हणाला, तू बरी आली, तुले बरं समजलं! मी पोळीचा घास मोडत राहिले. कसं समजलं ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सकाळी बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि फोन दुखऱ्या पायाच्या नडगीवर करकचून बांधला. आता पाय हलला तरच तारा. मेकॅनिक तो मेकॅनिकच. मी शाळेत रजा टाकली आणि माझ्याही पायाला पट्टी बांधली. बाबा खुर्ची धरून उभे राहिले. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. घाम, शिव्या, मधे बसणं, परत उठणं. पाचव्या दिवशी अर्धा तारा आला तेव्हा भाचीनं सोसायटीभर सांगितलं, पडद्यांचा काही उपयोग राहिला नाही. समोरच्या काकू स्वतः पाहायला आल्या आणि एक गाणं नाचून गेल्या.

गुडघा वाकू लागला, पण मांडीपर्यंत नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. जिन्यापुरता होईल, म्हणाले. मांडी कठीण आहे. आठ-दहा दिवस आधी जोर धरला असता तर, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. बाबा म्हणाले, चूक माझीच आहे साहेब. मी खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बाबा पांढरे कपडे घालून विहारात आले. सतरंजीच्या पुढं खुर्ची ठेवली होती. ते तिच्याकडं थोडा वेळ पाहत उभे राहिले, मग बसले. विहार भरलेलं होतं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. ते म्हणत आणि मागून आम्ही सगळे. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, बाबा थांबले. लोकांना वाटलं, म्हातारा इतक्या महिन्यांनी आला, विसरला असेल. ते विसरले नव्हते. घसा साफ करून त्यांनी चौथं शील नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

मागून सगळ्या विहारानं म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही. शेजारी बसलेल्या भाचीनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी नऊ दिवसांची गोष्ट बाबांना आज घरी गेल्यावर सांगायची की नाही, याचा विचार करत हात जोडून बसले होते, मांडी घालून.