देवमन मिस्त्रींचं जहाज

सुनेनं “वा बाबा, किती छान” म्हटलं की देवमन तायडे यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती बिचारी मनापासून म्हणायची, म्हणून तर तिला काही बोलताही यायचं नाही. मग ते राग गिळायचे आणि पाणी मागायचे. दिवसातून सात-आठ वेळा पाणी मागतात म्हणून मोनालीनं त्यांची शुगरही तपासून आणली होती.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत देवमन मिस्त्रींनी एकतीस वर्षं पॅटर्नमेकरचं काम केलं. ओतीव लोखंडाचा भाग करायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. पुली असो की जिनिंगच्या मशीनचं चाक, आधी सागात त्याचं रूप, म्हणजे पॅटर्न, करायचं, ते वाळूत दाबून साचा काढायचा आणि मग साच्यात वितळलेलं लोखंड. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीसुद्धा वेगळी, आपल्या पट्टीपेक्षा मीटरमागं दहा मिलिमीटर लांब. त्या पट्टीवर मिस्त्रींचं सगळं आयुष्य गेलं. स्वतःच्या पॅटर्नमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक सापडली तर ते तो सरळ भट्टीत टाकायचे. मॅनेजर म्हणायचा, “अरे, चालून जाईल.” मिस्त्री म्हणायचे, “तुमाले चालन. मले नाई चालत.”

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, जानेवारीत, त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. महिनाभरात पाय सुधारला, जीभही वळायला लागली, पण हात मागं राहिला. चमचा निसटायचा. शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागायची. फिजिओथेरपीवाला म्हणाला, बोटांना बारीक काम द्या. मिस्त्रींचा मुलगा ललित कृषी विद्यापीठात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. त्यानं ऑनलाइन शोधून लाकडी जहाजाचा एक संच मागवला. दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, चारशेच्या वर तुकडे, सगळे मशीननं कापलेले, सोबत इटलीत छापलेलं चित्रांचं पुस्तक.

खोकं उघडून पाहिल्यावर मिस्त्रींनी ते तसंच बंद केलं होतं. दुसऱ्यानं कापलेलं लाकूड जोडायचं म्हणजे दुसऱ्यानं चावलेला घास खायचा. पण दोन दिवसांनी त्यांनीच ते पुन्हा उघडलं. हाताला काम नसलं की डोक्यात नाही नाही ते येत होतं.

जहाजाचं काम मुळात सोपं. मधोमध एक लांब कणा, त्याला माशाच्या काट्यांसारख्या फासळ्या. त्या फासळ्यांवर वरून खाली एकेक पट्टी चिकटवत जायचं. पाच मिलिमीटर रुंदीच्या पातळ पट्ट्या. आधी पाण्यात भिजवायच्या, फासळ्यांवर वाकवून टाचण्यांनी धरायच्या, वाळल्या की गोंद लावून बसवायच्या. एक पट्टी डावीकडं, एक उजवीकडं. दोन पट्ट्यांमध्ये केस जाता कामा नये.

सबंध एप्रिल ते बाहेर ओट्यावर बसले. बोटं ऐकत नव्हती. टाचणी धरायला गेलं की ती अंगठ्यातून उडायची आणि मिस्त्री तिला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. महिन्याभरात दोन्ही बाजूंना आठ-आठ पट्ट्या झाल्या. दर पट्टीला मोनाली, “वा बाबा.” ललितनं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर संध्याकाळपर्यंत सत्तावीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

“मेलो का मी, हात जोडाले?” मिस्त्री म्हणाले.

मे लागला. पारा चव्वेचाळीसवर गेला तसं मोनालीनं त्यांचं टेबल उचलून हॉलमध्ये आणलं आणि कूलरच्या तोंडासमोर मांडलं. तिथं काम भराभर झालं. टाचणी उडायची थांबली. मिस्त्री उजव्या हातानं भाकरी मोडायला लागले. ते कुणाला बोलले नाहीत, पण त्यांना आतून वाटत होतं की हात परत येतोय. उरलेल्या चौदा-चौदा पट्ट्या पंधरा दिवसांत बसल्या आणि जहाजाचं पोट बंद झालं.

मग मोनालीच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं, मोर्शीला. घर आठ दिवस कुलपात. परत आल्यावर मिस्त्रींनी चप्पल काढायच्या आधी जहाजावरचा कपडा काढला.

पोट उकललं होतं. वरच्या आठ पट्ट्या घट्ट, जशा बसवल्या तशा. त्यांच्या खालची एकूण एक पट्टी शेजारणीपासून सुटली होती. खिडकीसमोर धरलं तर फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता.

मिस्त्रींनी हिशोब केला, आणि तो त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. वरच्या पट्ट्या आधीच्या, खालच्या नंतरच्या. आधीच्या चांगल्या, नंतरच्या वाईट. म्हणजे हात सुधारत नव्हता, उतरत होता. आणि तो उतरत असताना आपल्याला सुधारल्यासारखा वाटत होता, म्हणजे डोकंही कामातून गेलं. दुसरा झटका वाटेवर असणार.

“बाबा, आता तर अजून जुनं वाटते,” मोनाली मागून म्हणाली. “एकदम अँटिक.”

“पुट्टी भरून टाकू,” ललित म्हणाला. “वरून पॉलिश मारलं की कोणाले समजत नाई.”

“मले समजते ना,” मिस्त्री ओरडले. “मी कोणी नाई का? पुट्टी भरतो म्हणे. तुह्या बापानं जनमात पुट्टी भरली का?”

त्यांचा आवाज असा चढला की शेजारची बाई दारात आली. मोनालीनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये चिडचिड वाढते, मनावर घेऊ नका, शांत ठेवा. त्या दिवसापासून मिस्त्री चिडले की दोघं एकमेकांकडं पाहायचे आणि आवाज मऊ करायचे. राग आजवर त्यांचा स्वतःचा होता, आता तोही आजाराच्या खात्यात गेला.

दोन दिवस त्यांनी जहाजाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जहाज खोक्यात घालून, सुतळीनं बांधून, कुणाला न विचारता त्यांनी अमरावतीची एसटी पकडली. बस सुटल्यावर ललितला फोन केला, “मोतीरामकडे चाललो,” आणि फोन बंद करून टाकला.

मोतीराम त्याच फाउंड्रीत मोल्डर होता, वाळूचे साचे करणारा. पॅटर्नमेकर आणि मोल्डर यांचं सासू-सुनेसारखं असतं. माल बिघडला की मोल्डर म्हणणार पॅटर्न चुकला, पॅटर्नमेकर म्हणणार वाळू चुकली. हे दोघं सव्वीस वर्षं भांडले. निरोपाच्या समारंभातसुद्धा मोतीरामनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तायडे मिस्त्रीच्या पॅटर्ननं माझी कंबर मोडली. त्यानंतर चार वर्षं बोलणं नव्हतं. पण मोतीरामनं जन्मात कुणाला बरं म्हटलेलं नाही, स्वतःच्या लेकालाही नाही. मिस्त्रींना आता तसाच माणूस हवा होता.

मूर्तिजापूरला एक गृहस्थ शेजारी येऊन बसला. खोक्याच्या वरच्या फटीतून त्यानं आत डोकावून पाहिलं.

“जहाज हाये का काका? मोर्णा नदीत सोडता काय?”

“तुह्या घरी सोडतो,” मिस्त्री म्हणाले.

साईनगरमध्ये मोतीरामचं घर. तो दारात लुंगीवर बसून वांग्याचे देठ काढत होता. त्यानं मिस्त्रींकडं पाहिलं, वाकड्या पडणाऱ्या पायाकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं.

“जिता हायेस का मिस्त्री? मले वाटलं गेला.”

“तुले पोचोल्याबिगर कसा जाईन?”

मोतीरामच्या बायकोनं, गोदाबाईंनी, खुर्ची टाकली, पाणी आणलं. मिस्त्रींनी सुतळी सोडली आणि जहाज त्याच्या पुढ्यात ठेवलं. मोतीरामनं हात पुसले, ते उचललं, उलटं केलं, पोट डोळ्यासमोर आणलं.

“कोणं बनवलं?”

“म्या.”

“घाण हाये,” मोतीराम म्हणाला.

जानेवारीपासून पहिल्यांदा मिस्त्रींना खुर्चीला पाठ टेकावीशी वाटली.

“हात गेला माहा मोतीराम,” ते म्हणाले. “पोरं खरं सांगत नाईत. तू पाह्य अन् सांग, किती गेला.”

मोतीरामनं कोनाड्यातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिचा कोपरा फाडला आणि तो जाड कागद जहाजाच्या नाकाकडच्या एका फटीत घातला. कागद हलक्या हातानं ओढत ओढत शेवटपर्यंत नेला. मग खालच्या फटीत. मग तिच्या खालच्या. कागद कुठं अडकला नाही, कुठं सैल पडला नाही.

“हात हालते त्याची फट कशी रायते?” तो म्हणाला. “कुठी जाड, कुठी बारीक. सापासारखी. हे पाह्य. इकडून तिकडून एकसारखी. हालल्या हातानं अशी फट पाडून दाखव मले.” मग त्यानं वरच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. “ह्या घट्ट हायेत, पण लाट हाये. हात इथं हालला तुहा. कवाच्या ह्या?”

“एप्रिलातल्या.”

“कुठी बसून केल्या?”

“ओट्यावर.”

“अन् खालच्या?”

“मे महिन्यात. हालमधी.”

“हालमधी काय हाये?”

“कूलर,” मिस्त्री म्हणाले आणि म्हणतानाच त्यांना उमगलं. कूलर. दिवसरात्र चालणारा, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणारा, भिंतीलासुद्धा ओल आणणारा कूलर. भिजवलेल्या पट्ट्या ओट्यावर दोन तासांत कडक व्हायच्या. हॉलमध्ये त्या कधी वाळल्याच नव्हत्या. ओल्या, फुगलेल्या पट्ट्यांना गोंद लागला होता. मग घर आठ दिवस बंद, कूलर बंद, बाहेर भट्टी. प्रत्येक पट्टी आपापल्या जागी आकसली.

“वाळल्या नसतीन का?” ते अर्धवट स्वतःशीच म्हणाले. “पुस्तकात लिवलं होतं, एक रात्र ठेवा.”

“कोठचं पुस्तक?”

“इटलीचं.”

“त्यानं आपला कूलर पायला का?” मोतीराम आता खरंच भडकला. त्यानं जहाज खाली ठेवलं. “पुस्तक पाहून लाकूड वाळवलं तू? गालाले लावून नाई पायलं? सव्वीस वर्सं माह्या वाळूत पानी जास्त हाये म्हणून तू गावभर बोंबलला. अन् सोता ओल्या लाकडाले गोंद लावला. लाज वाटते का मिस्त्री, का तेही वाऱ्यासंगं गेली?”

“गेली,” मिस्त्री म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांना स्वतःचा एवढा राग आला होता की मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. हात सुटला होता आरोपातून, ते बरंच झालं. पण एकतीस वर्षं जी गोष्ट नवख्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवली, तीच विसरायची? लाकूड पाणी पितं, लाकूड पाणी सोडतं. उजव्या बोटांना ओल समजत नव्हती, मान्य. डावा गाल तर धड होता.

घरी पोचताच त्यांनी आधी कूलरचं बटण बंद केलं. ललित अजून ऑफिसातून यायचा होता. मोनाली स्वयंपाकघरातून धावत आली.

“कुठी गेले होते बाबा? फोन बंद. आमी इथं मरून राहिलो काळजीनं. अन् कूलर काहून बंद केला? पंचेचाळीस हाये बाहेर.”

“टेबल ओट्यावर नेतो. खालच्या सगळ्या पट्ट्या काढतो.”

“या उन्हात? डॉक्टरनं काय सांगतलं तुमाले? बीपी वाढलं तर? एका जहाजापायी मरता का?”

“हौ, मरतो. तीन दिवस मरूनच राहिलो होतो,” मिस्त्री म्हणाले. “मले वाटलं हात गेला. रोज रात्री पडल्या पडल्या बोटं मोजत होतो. अन् तुमी वा बाबा, वा बाबा. एकानं सांगतलं नाई का हे घाण झालं.”

मोनालीनं कूलर पुन्हा लावला नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तिचा आवाज, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा, सासऱ्यापुढं चढला.

“मंग काय म्हणाले पायजे होतं मी? जानेवारीत तुमच्या तोंडातून वरण सांडत होतं. मी पुसत होती. मंग एप्रिलात पहिली पट्टी लावली तुमी अन् मी म्हणू घाण हाये? माह्या तोंडातून निघालं असतं का?” तिनं कपाळावरचा घाम पुसला. “अन् ऐकाचंच असन तर ऐका. डाव्या बाजूची वरून तिसरी वाकडी हाये. पहिल्या दिवसापासून. मले तवाच दिसली.”

मिस्त्रींनी जहाज खोक्यातून काढलं, खिडकीशी नेलं. डावी बाजू. तिसरी. मधल्या फासळीजवळ ती तांदळाच्या दाण्याएवढी वर चढली होती.

“अजून?” ते म्हणाले.

“पाचवी.”

“पाचवी सरळ हाये.”

“नाई हाये.”

“माह्या घरात मलेच सांगतं? दोरा आण.”

तिनं शिवणाच्या डब्यातून दोरा आणला. एक टोक तिनं जहाजाच्या नाकाशी धरलं, दुसरं त्यांनी मागं, उजव्या हातात. खोलीत वारा नव्हता. दोघांच्या मानेवरून घाम गळत होता. दोरा पाचव्या पट्टीच्या कडेला लागला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागूनच राहिला.

“सरळ हाये,” मोनाली म्हणाली.

“हाये ना? मंग?” मिस्त्री म्हणाले. दोरा त्यांनी सोडून दिला, टेबलावरचा ब्लेडचा चाकू उचलला आणि वरून तिसऱ्या पट्टीच्या टोकाखाली सारला.