ओळींचे शेवट

शाहूपुरीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मालकांचे दोन नियम होते. गिऱ्हाइकाने आणलेली झिप, म्हणजे फाइलींचं गाठोडं, उघडताना सगळ्या फाइलींच्या ओळींचे शेवट बदलून घ्यायचे, आणि मग मूळ झिप अशी पुसायची की कुणालाच परत काढता येऊ नये. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, बाहेर राहिला तर गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाईल, ही मालकांची भीती. स्वतःच्या कामावर किती तो भरवसा!

पहिल्या नियमात मात्र तथ्य होतं. विंडोजमध्ये ओळ संपली की दोन अदृश्य खुणा असतात, आमच्या मशीनवरच्या लिनक्स प्रणालीला एकच लागते. जादा खूण राहिली की प्रोग्रॅम अडून बसतो.

इचलकरंजीचे एक चाचा आले. यंत्रमागावरच्या साड्यांच्या काठांची नक्षी ते संगणकावर काढायचे. जुना संगणक बंद पडला होता. प्रोग्रॅमचा कोड आणि इतक्या वर्षांची नक्षी, सगळं एकाच झिपमध्ये, पेनड्राइव्हवर.

"नव्या मशीनवर चालू करून द्या की, पावणं. दुसरी कॉपी न्हाय बगा."

हे त्यांनी मलाच सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि सवयीने सगळ्याच फाइलींचे शेवट बदलले. नक्षीच्या फाइलीत ओळी नसतातच. तिथे त्या दोन खुणा शेजारी आल्या तर तो नक्षीचाच भाग असतो. जिथे जिथे तशी जोडी होती तिथली एक खूण उडाली आणि पुढचं सगळं सरकलं. एकही फाइल उघडून न बघता मी पेनड्राइव्ह पुसला. हा गाढवपणा माझा, मालकांचा नव्हे.

प्रोग्रॅम झकास चालला. पहिला काठ उघडला, तर कुणीतरी रांगोळीवरून पाय फरफटत गेल्यासारखं. सगळे काठ तसेच. तीन दिवस खटपट केली, पण कुठली खूण कुठून गेली ते कळायला आता मार्गच नव्हता.

"त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस होता म्हणून सांग," मालक म्हणाले.

चाचा आले तेव्हा मी तसंच सांगितलं. नोकरी टिकवायची होती. ही सबब आजही माझी मलाच पटत नाही.

चाचांनी पडद्यावरचे काठ एकेक करून बघितले. मग रिकामा पेनड्राइव्ह खिशात घालून उठले आणि दारातून परत फिरले.

"तुमच्या मशीनला काय झालं न्हाय न्हवं? माफ करा, पावणं. मला म्हाईत न्हवतं."

काही झालं नाही, असं मी त्यांना सांगितलं.